बिरुदेवच्या हातातली टकळी

"बूट काढायला लाजताय व्हय?" पुण्यात लष्करी दवाखान्याच्या व्हरांड्यात विजयमालानं नवऱ्याला दटावलं. "बोर्डाला पाय दावायला आलाय का बूट?" बोलता बोलता तिच्या हातातल्या टकळीवर लोकरीचं सूत कातलं जात होतं. सांगोल्याकडच्या धनगराची लेक ती. सोलापुरात राहून वीस वर्षं झाली, तरी हात रिकामा ठेवणं तिला जमत नव्हतं.

निवृत्त हवालदार बिरुदेवनं पाय बाकाखाली ओढून घेतले. बूट मात्र त्यानं असे चकाकवले होते, की त्यात बघून भांग पाडावा.

मागच्या खेपेला याच ऐटीनं घात केला होता. बर्फातल्या ठाण्यावर हिमदंशानं डाव्या पायाची दोन बोटं गेली, उजव्या हाताची आखडली. तरी निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय बोर्डापुढं हा पठ्ठ्या ताठ उभा राहिला, कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाला, "काही तकलीफ नाही, सर." साहेबापुढं कण्हायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. कागदावर आलं: हाताची पकड चांगली, अपंगत्व किरकोळ, अपंगत्व पेन्शन नामंजूर. पेन्शन गेली ती गेलीच, पण त्या 'किरकोळ'नं त्याच्या जिवाला घोर लावला. दोन वर्षं अपिलाचे कागद फिरले, तेव्हा कुठं हा दुसरा बोर्ड बसला.

दोघांनाही आत बोलावलं. मेजर डॉक्टरबाई मराठी निघाल्या.

"कसा आहे हात, हवालदार?"

"ठीक हाय, मॅडम." मेली सवय जाता जात नव्हती.

विजयमालानं टकळी त्याच्या हातात कोंबली. "काता बघू. मॅडम, आमच्यात धा वर्साचं लेकरू बी कातंय. आता यांचं बघा."

बिरुदेवनं टकळी फिरवली. ती पडली. उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा त्याचे कान तापले. लहानपणी मेंढरांमागं चालता चालता याच हातानं त्यानं घोंगडीभर सूत कातलं होतं.

"पकड न्हाय ऱ्हायली, मॅडम," अखेर तो म्हणाला. "शर्टाची बटनं बी हीच लावती."

डॉक्टरबाईंनी वाकून टकळी उचलली आणि विजयमालाकडं दिली. मग त्या हळूच म्हणाल्या, "आता बूट काढा."

अडीच महिन्यांनी पत्र आलं. अपील मंजूर, अपंगत्व चाळीस टक्के, आणि तेही लष्करी सेवेमुळेच आलेलं. विजयमालानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं. "आता कोन म्हनतंय किरकोळ?" म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. बिरुदेवला इतका आनंद झाला होता, की त्याला घरात बसवेना. पेढ्यांचा बॉक्स घेऊन तो तसाच निघाला.

"अवो, चप्पल तरी घाला."

"ऱ्हाऊ दे की."

दोन वर्षं ज्यानं मोज्याशिवाय गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं, तो भर दुपारी आपल्या आठ बोटांच्या पायांनी शेजाऱ्यांच्या दारात उभा राहिला, आणि डाव्या हातानं बॉक्स पुढं केला.