दोन पावलं मागे

“अरे, बचाव करणारा म्हणजे घराची भिंत. तिच्याकडे कुणी बघत नाही. भेग पडली की मात्र सगळं गाव बघायला येतं.”

पहिल्या मास्तरांचा हा आवाज. शिट्टी दातांत धरूनच ते बोलायचे, त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेपटीला बारीक फुंकर वाजायची. ते गेले त्याला जमाना झाला. भिंत अजून उभी होती. वय छत्तीस, धंदा फुटबॉल, जागा बचावफळीच्या मधोमध. सतरा वर्षांत चारशे बारा सामने, तीन गोल. त्यातले दोन आपल्याच जाळ्यात, पण गोल ते गोल.

फोटोंच्या बाबतीत मात्र नशीब थोर. दुसऱ्या संघातल्या कुणाही नामांकित स्ट्रायकरच्या दिवाणखान्यात जा, भिंतीवरच्या तसबिरीत तो हात पसरून धावतोय आणि कोपऱ्यात गवतावर बसलेला आमचा माणूस. इतक्या परक्या घरांत मानाने टांगला गेलेला गृहस्थ विरळाच.

लोक त्याला कुलूप म्हणत. गॅलरीत गाणंही होतं:

कुलूप लागलं दाराला,
चोर बसला पायरीला!

कुलपाची खरी करामत पायांत नव्हती, गळ्यात होती. बचावाचे चौघं एका रेषेत उभे राहत. समोरून चेंडू सुटायच्या ऐन क्षणी तो ओरडायचा, “वर!” आणि चौघं एकदम दोन पावलं पुढे. मागे राहिलेला विरोधी खेळाडू ऑफसाइड, म्हणजे नियमाबाहेर, रेषापंचांचा झेंडा वर, चोर पुन्हा पायरीवर. साधं काम, पण एकानं जरी पाय ओढला, तरी दार सताड उघडं.

आणि गेली दोन वर्षं एक जण पाय ओढत होता. त्याच्या डाव्या हाताचा जोडीदार. अठ्ठावीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, पहिल्याच दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला म्हणून सगळे त्याला जावई म्हणत. हा जावई दर दोन-तीन हाकांमागे एकदा रेषेच्या मागेच.

“काय जावईबापू, उंबरा ओलांडायला आमंत्रण पाठवू का?” कुलूप भर मैदानात ओरडायचा.

“चुकलं, दादा.”

“रोज चुकतं?”

“रोज चुकतं, दादा.”

सगळे हसायचे. जावई मोजे वर ओढायचा.

घरी कुलपाची बायको त्याच्या उजव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधायची. “ही माझी सवत,” म्हणायची, “हिची खातिरदारी झाल्याशिवाय मला जेवण नाही. दुखतंय का हो?”

“छे. नुसती सवय.”

सीझन संपला तसं कोचनं त्याला खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक कुलपाचा, आणखी एका वर्षाचा करार. दुसरा जावयाचा, निरोपाचा.

“तूच म्हणत होतास ना, भित्रा आहे म्हणून? मीही सगळे सामने पुन्हा पाहिले. हे बघ.” कोचनं पडद्यावर चित्र थांबवलं. “तू ‘वर’ म्हणालास, तिघं गेले, हा मागे. हा दुसरा सामना. इथेही मागे. आपल्याला वाघ पाहिजेत, हा ससा.”

कुलूप समाधानानं पुढे वाकला. आणि तसाच वाकलेला राहिला.

थांबलेल्या चित्रात जावयाची नजर चेंडूवर नव्हती. स्ट्रायकरवरही नव्हती. ती कुलपाच्या उजव्या गुडघ्यावर होती. पुढच्या चित्रातही. त्याच्या पुढच्याही. ज्या ज्या वेळी चेंडू डावीकडे जात होता, कुलपाला वळावं लागणार होतं, त्या त्या वेळी जावई आधीच दोन पावलं मागे सरकलेला, मूल नवी सायकल चालवताना मागून सीट धरून धावणाऱ्या बापासारखा.

“सर, पाच मिनिटांत आलो.”

ड्रेसिंग रूममध्ये जावई एकटाच बूट घासत होता. चिखल वाळून दगड झालेला.

“का रे मागे राहतोस?”

“पाय जड आहेत, दादा.”

“डावीकडे चेंडू गेला की मगच जड होतात?”

जावई बुटाचा तळ निरखत राहिला. “असतात एकेकाचे पाय तसे.”

“तुला काढतायत.”

“कळलं सकाळी. मुलींची शाळा बदलावी लागेल, एवढंच.” मग हसला. “धाकटीला नाहीतरी त्या बाई आवडत नव्हत्या.”

“मी चार लोकांत तुला भित्रा म्हणालो. तोंड नव्हतं तुला?”

“तुम्ही बोलत होतात ना दादा. मोठ्यांच्या मध्ये कशाला बोलायचं?”

सतरा वर्षं दुसऱ्यांची दारं राखली, आणि आपल्या दारावर कुणीतरी पहारा देतंय याचा पत्ता नाही. वर त्या पहारेकऱ्यालाच शिव्या.

तो कोचच्या खोलीकडे निघाला. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना संघाचे जुने फोटो. कागदावर सही केली की आणखी एक वर्ष: गॅलरीतलं गाणं, जर्सी, सकाळी उठून जायला ठिकाण. त्यानंतर काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. दुसरं काहीच येत नव्हतं.

कोचनं पेन पुढे केलं. “कर सही. पुढच्या वर्षी नवा जोडीदार देतो, तुझ्या हाकेसरशी उडी मारणारा.”

“मग पहिल्याच सामन्यात चार गोल खाऊ, सर.”

“म्हणजे?”

कुलपानं पेनचं टोपण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

“डावीकडे वळताना माझा गुडघा अडतो, सर. दोन वर्षं झाली. डॉक्टरला सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. त्याला मात्र न सांगता कळलं. तो भित्रा नाही. तो माझ्या वाटचं धावतोय.”