निळा म्हणजे कोणता

झाकण आहे… आणि नाही. औषधाच्या बाटलीचं बोराएवढं झाकण. डावा डोळा तळहातानं झाकून बुन-सन त्याच्याकडे सरळ बघते तेव्हा ते जागच्या जागी विरतं, बाटलीची मान तेवढी उरते. जरा बाजूला बघितलं की परत येतं — कडेकडेनं, चोरासारखं. नातीचं लग्न झालं त्या वर्षी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून सगळंच असं. लग्नाच्या फोटोत रेशमी झगा दिसतो, नातीचा चेहरा नाही.

"आई, हात खाली घ्या. लोक बघताहेत," दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेली सून म्हणते.

"बघू देत. त्यांना दिसतंय तरी."

डोळ्याच्या पडद्याला भोक पडलं होतं. त्यावरची पातळ साय सोलायची, आणि साय दिसत नाही म्हणून आधी तिला रंग द्यायचा — मियागावा डॉक्टरांनी हे मोठ्या आवाजात सांगितलं होतं, परक्या मुलखातल्या म्हातारीला सांगतात तसं. 'आओ रंग लावतो, आजी, मग धुऊन टाकतो.' जपानीत आओ म्हणजे निळा. आणि धुऊन! भोक बुजलं, यंत्रात छान दिसतं म्हणे. आणि नेमकं तिथंच हे… मी तक्रार केली तर म्हणाले, वय झालं. वय काय टेबलावर आडवी असताना झालं?

साठीनंतर अक्षरं शिकले मी. दिवसभर चपलांना डिंक लावायचा आणि संध्याकाळी ओसाकाच्या रात्रशाळेत जायचं, बोटं एकमेकांना चिकटलेली. गाडीतून पहिल्यांदा स्टेशनची पाटी वाचली तेव्हा वाचण्याच्या नादात उतरायचंच राहिलं. आता वाचणारा डोळा एकच, डावा… आणि त्यालाही भोक.

नाव पुकारलं. नवे डॉक्टर, कुरामोतो, पोरसवदा, फार वाकून बोलणारे.

"थांबलो तर भोक वाढेल, आजी. आओ रंग लावून साय काढू आणि—"

"नाही."

"आई, ऐकून तरी घ्या!"

"काय ऐकू? त्याच रंगानं एक डोळा खाल्ला. आता दुसरा वाढू का ताटात?"

"तो रंग नाही," कुरामोतो म्हणाले. "तेव्हाचा हिरवा होता. हा निळा."

"मग ते आओ का म्हणाले?"

डॉक्टर जुनी फाईल चाळू लागले. का ते तिला ठाऊक आहे. इथं सिग्नलचा हिरवा दिवासुद्धा आओ. आणि तिच्या आईच्या भाषेत, कोरियातल्या जेजू बेटावर, कोवळं गवत आणि समुद्र दोन्हींना एकच शब्द. आओ म्हटल्यावर तिला समुद्रच दिसला होता. त्या एका शब्दावर तिनं डोळा दिला — आणि ह्या लोकांकडे दोन बाटल्या होत्या.

"हा तरी धोक्याचा नाही ना?" सुनेनं विचारलं.

"आतापर्यंत चांगला ठरलाय. थोडा लावतो, लगेच काढतो. पण धोका मुळीच नाही, असं मी म्हणणार नाही."

"मियागावांना बोलवा," बुन-सन म्हणाली. "रंगानंच झालं, असं त्यांनी माझ्या तोंडावर म्हणावं. मग देते दुसरा."

"तुमच्या डोळ्यानंतर त्यांनी हिरवा बंद केला, आजी. आम्हालाही हात लावू दिला नाही."

माझ्या डोळ्यानंतर… म्हणजे कळलं होतं. सगळ्यांना सांगितलं, मला सोडून. मला — वय झालं.

"बोलवा म्हणते ना!"

"आता नाही बोलवता येणार," कुरामोतो खाली बघत म्हणाले.

सुनेनं तिच्या दंडावर हात ठेवला; तिनं तो झटकला. इतकी वर्षं घोटून ठेवलेलं वाक्य तोंडात तसंच राहिलं, कडू, आणि थुंकायला समोर कुणी नाही. माझ्यानंतर म्हणजे कुणाच्या आधी? हिरवा बंद झाल्यावर त्या टेबलावर आडवी झालेली कुणी बाई आज पेपर वाचत असेल, सरळ, अक्षराला अक्षर लावून. तिचा बुन-सनला संताप आला, डॉक्टरांचा येतो तसाच. आणि त्या संतापातच, का कोण जाणे, तिला विचारावंसं वाटलं — काय वाचतेस गं?

डॉक्टर मियागावा मागच्या वर्षी नोव्हेंबरात वारले.