केनियाचा गाडा, घानाचा गाडा

अवसरी बुद्रुकच्या शाळेत प्रदर्शन भरलं होतं, आणि आठवीतल्या प्रज्ञाला काहीही करून तालुक्याच्या प्रदर्शनाला मंचरला जायचं होतं. गेल्या वर्षी तिच्या तक्त्यापुढं फक्त एक शेळी थांबली होती, तीही तक्त्याची कड खायला. यंदा परीक्षकांचा नियम साधा होता. बघणाऱ्यांतल्या कुणालाही विचारायचं, "काय समजलं?" त्याला सांगता आलं, तर प्रकल्प मंचरला.

विषय नूतनबाईंनी दिलेला: केनिया आणि घाना हे आफ्रिकेतले दोन देश बाहेरून किती लाकूडसामान आणतात, वीस वर्षांची तुलना. आकडे बाईंनीच सरावापुरते रचले होते आणि तसं फळ्यावर लिहूनही ठेवलं होतं. पण तक्ता म्हटलं की प्रज्ञाला ती शेळी आठवायची. शेवटी सुतारकाम करणारे तिचे आजोबा, जयवंतआबा, मदतीला आले. त्यांनी एका चढत्या फळीवर दोन खाचा पाडल्या, सागाच्या तुकड्यांतून तळहाताएवढे दोन बैलगाडे घडवले आणि त्यांना दोऱ्या बांधल्या. लाल गाडा केनियाचा, पिवळा घानाचा. ज्या वर्षी जितकी आयात, तितका गाडा वर ओढायचा.

आता चढ, दोन गाडे आणि गाव बैलगाडा शर्यतींचं वेड असलेलं अवसरी. पुढं काय होणार, ते आबांना तरी कळायला हवं होतं.

यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीचं निवेदन करणारे गेणूभाऊ नातीची चित्रं बघायला आले होते. गाडे दिसताच त्यांनी स्टेजवरचा माइक उचलला. "तर मंडळी, साल दोन हजार पाच. केनिया सुटला. घाना मागं पडला राव. उचलला, उचलला, भिर्रर्र..."

सगळी शाळा धावत आली. पालक आले. मुख्याध्यापक खुर्ची घेऊनच आले. प्रज्ञा आधी घाबरली, मग तिला हसू आवरेना. दोन्ही हातांनी दोऱ्या ओढत ती वर्षं पुढं नेत राहिली. बाराव्या साली दोन्ही गाडे बरोबरीला आले, तेव्हा कुणीतरी टोपी उडवली. ती परीक्षकांच्या चहात पडली.

वीस वर्षं संपली. पिवळा गाडा वर, लाल खाली. परीक्षकांनी ओली टोपी बाजूला ठेवली. "काय समजलं, भाऊ?"

"केनियानं बाजी मारली," गेणूभाऊ म्हणाले. "त्याचं कमी भरलं. शर्यतीच्या घाटात चढ चढायला ज्याला कमी सेकंद लागत्यात, त्योच पयला."

परीक्षकांचं पेन थांबलं. मंचर हातचं चाललं होतं.

"ही शर्यत न्हाई, काका," ती पुटपुटली. कुणालाच ऐकू गेलं नाही. मग तिनं सरळ माइकच मागून घेतला. "कुणीच जिंकलं न्हाई. गाडा वर म्हंजी बाहेरून जास्त लाकूड आणलं, खाली म्हंजी कमी. कमी का आणलं, ते गाडा सांगत न्हाई. घरचंच लाकूड असंल, न्हाईतर बांधायलाच काही नसंल. ते निराळं शोधावं लागतं."

असा नियम कुठल्याच घाटात नव्हता.

परीक्षक शाळेत खिचडी रांधणाऱ्या कोंडाबाईंकडे वळले. "मावशी, तुम्हाला काय समजलं?"

कोंडाबाईंनी पदराला हात पुसले. "औंदा म्या बाजारातनं कांदा आणला न्हाई, घरचाच लई व्हता. शेजारणीनंबी आणला न्हाई. ती चार महिनं लेकीकडं हाय, चूलच पेटली न्हाई. दोघींचाबी गाडा खालीच. पर माझं घर भरल्यालं, तिच्या दाराला कुलूप. इचारल्याबिगर कसं कळायचं?"

परीक्षकांनी भराभर काहीतरी लिहिलं. "पोरी, ही फळी मंचरला कशी नेणार?"

"टेंपोतनं," आबाच म्हणाले.

गेणूभाऊंनी माइक परत घेतला. "मंडळी, केनिया-घानाचा निकाल चौकशीसाठी राखून ठेवल्याला हाय. प्रज्ञाचा गाडा मात्र मंचरला सुटला."

त्या गलक्यात परीक्षकांनी इकडंतिकडं बघितलं आणि प्रज्ञाला हळूच विचारलं, "एक वर्ष मी ओढू का?"