वाघ प्रवासात आहे

ऋतुराज अडीच वर्षांचा झाला तरी तोंडातून एक शब्द काढत नव्हता. हसायचा, रडायचा, हवं ते बोटानं दाखवायचा आणि नको ते लाथेनं. त्याचे कान तपासून झाले, जीभ तपासून झाली. डॉक्टर म्हणाले, "सगळं ठीक आहे, बोलेल तेव्हा बोलेल." 'तेव्हा' म्हणजे केव्हा, हे काही त्यांनी सांगितलं नाही, आणि त्याच्या आईची, सुकन्याची, झोप त्या एका शब्दात अडकून बसली.

तेव्हापासून घरात शब्दांवर पहारा सुरू झाला. मूल जे सतत ऐकतं तेच आधी उचलतं, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. आणि तिच्या सासूबाई, तानाबाई, रोज सकाळी नातवाला कडेवर घेऊन गॅलरीत उभ्या राहायच्या. समोर इमारत उठत होती आणि तिथं गाढवं विटा वाहत होती.

"राजू, त्ये बग गाडव! आलं बग गाडव!"

"आत्या, दुसरं काहीतरी दाखवा की त्याला. पहिलाच शब्द गाढव निघाला तर?" सुकन्या सासूबाईंना म्हणायची.

"मग हितं काय हत्ती येतोय व्हय विटा घिऊन?"

म्हणून मंद्रूपच्या बाजूला 'गाडीतून जंगल' नावाचं नवं उद्यान उघडल्याची पाटी दिसली तशी सुकन्यानं नवऱ्याच्या मागं टुमणं लावलं. पाटीवर जबडा वासलेला वाघ होता. वाघ! सोपा शब्द, चारचौघांत सांगायला भारदस्त. एकदा खराखुरा वाघ समोर बघितला की पोरगं बोललंच पाहिजे.

रविवारी निघाले. अजिनाथची गाडी जुनी, तिची मागची डावी काच चार बोटं खाली अडकलेली, वर सरकायचं नाव नाही. सुकन्यानं त्या फटीकडं बराच वेळ पाहिलं.

"अहो, एवढ्यातून वाघाचा पंजा आत येईल?"

"पंजा नाही येणार," अजिनाथ गंभीरपणे म्हणाला. "नखं येतील."

ती घरात गेली आणि नवी पेठेतून दिवाळीत आणलेली कोरी चादर आणून तिनं फटीत कोंबली. त्या काचेशी तानाबाई बसल्या. त्यांच्या मांडीवर भंडाऱ्याची पिशवी. त्यांच्या माहेरी-सासरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. कळपात नवं जनावर आलं की आधी त्याच्यावर भंडारा उधळायचा, मग बाकीचं. आज तर जंगलभर नवी जनावरं बघायची होती.

फाटकावर मोठी पाटी होती: 'गाडीतून उतरू नये. काचा बंद ठेवाव्यात. वाघ प्रवासात आहे.'

"प्रवासात म्हणजे?" अजिनाथनं रखवालदाराला विचारलं.

"यायलाय की साहेब. निघालाय तिकडनं."

"कधी निघालाय?"

"उद्घाटनाच्या आदी."

सुकन्याचा चेहरा उतरला. पण मागं गाड्यांची रांग लागली होती आणि परत वळायला जागा नव्हती. आत 'शहामृग' अशा पाटीखाली एक इमू उभा होता, जिल्ह्यातलं कुठलंतरी इमूपालन बंद पडल्यावर राहिला असावा तसा, एकटा आणि रागावलेला. पुढं दोन मोर. सुकन्या घरून आणलेली प्राण्यांची चित्रं एकेक करून ऋतुराजपुढं धरत होती. "मोर! म्हण, मोऽर!" ऋतुराजनं मोराचं चित्र चावलं.

मग झाडीतून झेब्रा आला. पांढरा, काळे पट्टे, सरळ गाडीकडंच.

"झेब्रा! बाळा, आफ्रिकेतला झेब्रा!"

तानाबाईंनी काचेला नाक लावलं. "ह्येचं कान लई लांब हायती गं."

"आफ्रिकेत असतात तसे," सुकन्या म्हणाली. तिचं एम.एस्सी. रसायनशास्त्रात झालं होतं, पण आवाजात कुठं डगमग नव्हती.

झेब्र्यानं आफ्रिकेला न शोभेल इतक्या सरावानं चादरीचं टोक दातांत धरलं आणि ओढलं.

"ए! सोड! कोरी हाय!" तानाबाईंनी दुसरं टोक धरलं. "अजिनाथ, गाडी पळीव!"

"पुढं गाडी आहे, आई!"

"मग मागं घे!"

"मागं पण आहे!"

शेवटी झेब्रा जिंकला. चादर सळसळत बाहेर गेली, त्यानं मान उडवली तशी ती त्याच्या डोक्यावर पडली आणि दोन्ही कान झाकून गळ्यापर्यंत आली. तानाबाईंनी एक उसासा टाकला. चादर गेली ती गेली, रीत चुकायला नको. त्यांनी पिशवीचं तोंड फटीला लावलं आणि "येळकोट!" म्हणून सगळा भंडारा त्याच्या अंगावर रिकामा केला.

झेब्रा दचकून झुडपात शिरला. पानांमधून दिसत राहिलं ते हळदीचं पिवळंधमक अंग आणि त्यावरचे काळे पट्टे.

मागच्या गाडीतून कुणीतरी किंचाळलं, "वाघ!"

मग काय, रांगभर वणवा पेटावा तसा तो शब्द पेटला. हॉर्न वाजू लागले. मचाणावरच्या माणसानं भोंगा उचलला. "वाघ आला! वाघ आला! म्हणजे... सुटला! काचा लावा!" टेंभुर्णीच्या कुणा पाहुण्यानं गाडीतूनच हात जोडले. भंडारा पडताना सुकन्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, तरी तिनं ओढणी ऋतुराजवर पांघरली. आणि दुसऱ्याच क्षणी काढली. चारी बाजूंनी एकच शब्द येत होता. अशी संधी परत कुठली?

"वाघ, बाळा! तो बघ वाघ! म्हण, वाऽघ!"

"आगं, भंडारा लावलेलं त्येच की ते," तानाबाई म्हणाल्या.

"आत्या, तुम्ही दोन मिनिटं वाघ म्हणा!"

ऋतुराजनं आईकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं. मग झुडपाकडं बोट करून स्वच्छ आवाजात तो म्हणाला, "गाडव."

अजिनाथनं आरसा फिरवून मागं बघितलं. सुकन्याचे डोळे भरून आले.

"काय म्हणालास? परत म्हण रे सोन्या."

"गाडव! गाडव! गाडव!" अडीच वर्षांचं साठलेलं सगळं फटीतून बाहेर पडायला लागलं.

तेवढ्यात वाघ सुटलेल्या त्या जंगलातून एक माणूस लुनावर बसून फटफटत आला. छातीवरच्या बिल्ल्यावर 'चन्नप्पा, मॅनेजर' असं होतं. त्यानं फटीला तोंड लावलं.

"अय्यो, अक्का, पोराला जरा गप करा की. लोक ऐकायलेत."

"गप्प?" सुकन्या म्हणाली. सकाळपासून बंद ठेवलेली स्वतःच्या बाजूची काच तिनं गरागरा पूर्ण खाली केली. "माझा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा बोलतोय. गप्प तुम्ही बसा! बाळा, मोठ्यानं म्हण!"

"गाडऽऽव!"

आणि झुडपातून उत्तर आलं. घसा फाडून, वरखाली हेलकावे घेत, विटांच्या ढिगामागून रोज सकाळी येतं तसंच. हॉर्न थांबले. मचाणावरचा भोंगा खाली आला. झाडीतून जनावर बाहेर पडलं. घामानं आणि भंडाऱ्यानं त्याचे पट्टे ओघळून पोटाखाली ठिबकत होते. चादर घसरली आणि दोन्ही कान ताठ उभे राहिले.

"आफ्रिकेतलंच हाय न्हवं?" तानाबाईंनी सुनेला हळूच विचारलं.

चन्नप्पा रांगेकडं बघून कसनुसा हसला. "वाघ प्रवासात आहे," तो मोठ्यानं म्हणाला.

ऋतुराजला आता कुणी आवरू शकत नव्हतं. त्यानं चन्नप्पाकडं बोट केलं आणि आनंदानं ओरडला, "गाडव!"

"नाही रे बाळा," सुकन्या घाईघाईनं म्हणाली. "हे मॅनेजर."

"आसू दे गं," तानाबाई म्हणाल्या. "आत्ता कुटं बोलाय लागलंय. हळूहळू कळंल त्याला फरक."