चार फरश्या कमी

तुम्ही भागाकार अर्धवट सोडलात आणि माझ्या ताईला नापास केलंत. परीक्षा मंडळाच्या साहेबांनो, हे मी तोंडावर सांगते, कारण त्या दिवशी तुमच्या खिडकीशी मीही उभी होते.

ताई सव्वीस वर्षं फरश्या बसवते. मी तिच्या हाताखाली सिमेंट कालवते. तिचे गुडघे आता पार गेलेत. डॉक्टर म्हणाले, टेकणं बंद. मुकादमाची जागा रिकामी आहे, काम उभ्यानं करायचं, पण दहावीचा कागद लागतो. म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी ती परीक्षेला बसली. गणितात पस्तीस हवे होते, पडले तेहेतीस. दोन गुणांचा एक प्रश्न होता: १०,२२,११७ ही मूळ संख्या आहे का? म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कशानं पूर्ण भाग जातो का? ताईनं लिहिलं, "मूळ नाही," आणि शेजारी चौकोन काढला. तुम्ही त्यावर लाल फुली मारलीत.

आमचा फेरतपासणीचा अर्ज हातात घेऊन खिडकीतल्या कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "बाई, नमुना उत्तरात 'मूळ' आहे. पुस्तकामागच्या तक्त्यातल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलंय. दोनपासून नऊशे सत्त्याण्णवपर्यंत. एकानंही भाग जात नाही."

"आणि पुढं?"

"पुढं तक्ता संपतो."

"तक्ता संपला म्हणून आकडे संपले होय? आमचा माल संपला तर आम्ही खोली अर्धीच ठेवून घरी जातो का?"

मी तिचा दंड धरला. "ताई, चल. कुणाच्या नादी लागतेस?"

"गप गं. खडू दे."

आणि ती खाली बसली. त्याच गुडघ्यांवर. वऱ्हांड्यातल्या फरश्यांवर तिनं पाच बाय पाचचा चौकोन आखला आणि एका कोपऱ्यातल्या दोन बाय दोन अशा चार फरश्यांवर फुली मारली. "इथं खांब आहे समजा. उरल्या एकवीस. खांबाशेजारची ही दोन ओळींची पट्टी उचला, उभी करून बाजूला लावा. झालं तीन बाय सात."

रांगेतून कुणीतरी हसलं. "काकू, पुसूनही द्या आता!"

"देते की. आधी तुझा पाय काढ खांबावरून."

मग ती कारकुनाकडे वळली. "तुमची संख्याही तशीच. एक हजार अकराचा वर्ग, त्यात चार फरश्या कमी. पट्टी हलवा, एक बाजू दोननं घटते, दुसरी दोननं वाढते. एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा. करा गुणाकार."

त्यानं कॅल्क्युलेटरची बटणं दाबली. पुन्हा दाबली. मग उठून बाहेर आला, खडूच्या रेघांना वळसा घालून, आणि ताईला हात देऊन उठवलं.

"बरोबर आहे हो तुमचं."

९९७ नंतरची पहिलीच मूळ संख्या १००९. एकच भागाकार राहिला होता, साहेब. एकच!

त्यानं अर्जावर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'उत्तर योग्य, गुण द्यावेत', आणि पूर्ण नाव घालून सही केली.

"साहेब लोक तुम्हाला बोलतील," ताई म्हणाली.

"बोलू देत. गुणाकारावर सही केलीय, बाई. तो काय उद्या फिरणाराय?"

त्याला सात आठवडे झाले, तुमच्याकडून अजून एक ओळही आली नाही. ठेकेदारानं ती जागा महिनाअखेरपर्यंत अडवून धरलीय. ताईनं तर अकरावीचं गणित आणून सुरूही केलंय. तुमच्यापेक्षा तिचा हिशोबावर विश्वास जास्त. अर्जावर तुमच्याच माणसाची सही आहे. मग पुढच्या महिन्यापासून माझी ताई उभ्यानं काम करणार की गुडघ्यांवर? लेखी उत्तर द्या.