सदतीस नंबरचे कार्ड

मी एक जुने कार्ड आहे. पत्त्यांतले नव्हे आणि रेशनचेही नव्हे.  मी च्युइंगगमच्या पुडीतून निघालेले कार्ड आहे. तुमच्या तळहातावर मावेन एवढाच माझा जीव, पण मित्रांनो, मी ताठ मानेने बोलते. माझ्याइतके जपलेले कार्ड शहापूर तालुक्यात दुसरे नसेल. आणि एवढे जपले, म्हणूनच मी बाजारातून बाद झाले.

तीस वर्षांपूर्वी एका मोठ्या तक्त्यावर आम्ही चाळीस भावंडे एकदम छापली गेलो. बहुतेक भावंडांच्या अंगावर बॅट नाहीतर बॉल. माझा नंबर सदतीस. माझ्यावर कबड्डी खेळणारे एक माणूस काढलेले आहे. फोटो नाही, चित्र. अनवाणी पाय, त्यातला एक हवेत, हात लांब केलेला आणि बोट पांढऱ्या रेषेच्या वीतभर अलीकडे. नाव लिहिलेले नाही. पाठीवर फक्त नंबर आणि एक ओळ: ‘दम धरा, रेषा गाठा.’ माझी जागा तक्त्याच्या कडेला होती. तिथे शाई पसरायची आणि माझ्या बऱ्याच प्रती फेकल्या जायच्या. म्हणून मी क्वचित कुणाला सापडायचे.

चाळीसही कार्डे जमवून पाठवणाऱ्याला कंपनी बॅट देणार होती. शेणवे गावच्या धम्मपालने, वय वर्षे नऊ, एकोणचाळीस जमवली होती. गम चघळून चघळून त्याची दाढ किडली, पण मी काही निघेना. त्याची मोठी बहीण संघरत्ना तेव्हा बारा वर्षांची. करवंदे विकून आलेल्या पैशातून तिने जन्मात एकदाच एक पुडी घेतली. त्या पुडीत मी होते!

धम्मपाल तिच्या पायाच पडला. “अक्के, दे ना गो. एकच राह्यलाय माझा. बॅट येल आपल्याला.”

“बॅट तुला येल. मी काय, बॉल शोधायला?”

“अगं, पोरगा हाय तो कबड्डीचा. तुला काय करायचाय?”

“पोरगा कुठचा! नीट बघ. पोरगी हाय ती. केस मागं बांधलेत.”

खरे सांगते, मला काढणाऱ्या चित्रकाराने याचा विचार केला असेल असे मला वाटत नाही. पण त्या दिवसापासून मी पोरगी झाले, आणि बॅट काही त्या घरात आली नाही. संघरत्नाने मला वडिलांच्या सगळ्यांत जाड पुस्तकात ठेवले. सदानंदबाबांच्या त्या पुस्तकाच्या वजनाखाली माझा एक कोपराही दुमडला नाही.

संघरत्ना मात्र पुस्तकात बसणारी नव्हती. भात झोडून झाले की रिकाम्या खळ्यावर ती पोरी जमवायची आणि खेळायची. खेळत खेळत तालुक्याच्या संघात गेली, मग जिल्ह्याच्या. तिला मोठे सर्टिफिकेट मिळाले, ठसा उठवलेले. ते तिने पत्र्याच्या पेटीत नव्या साडीखाली ठेवले. पुढे पोलीस भरती निघाली. खेळाडूंसाठी राखीव जागा होत्या. पेटी उघडली तेव्हा साडीखाली वाळवीने मातीची नक्षी काढून ठेवली होती. साडीला भोके आणि सर्टिफिकेटाचा चुरा. ती तो चुरा पिशवीत भरून भरतीच्या खिडकीपर्यंत घेऊन गेली. आतला माणूस म्हणाला, “बाई, कागद आणा. मग बोलू.”

त्या दिवशी घरी आल्यावर तिने मला पुस्तकातून काढले, बराच वेळ पाहिले आणि परत ठेवले. रडली नाही. पण दुसऱ्या दिवशी घरातले सगळे कागद घेऊन ती शहापूरच्या एसटी स्टँडजवळ सुदामच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. रेशनकार्ड, सातबारा, शाळेचे दाखले, जन्माचे दाखले, सगळे लॅमिनेट करून आणले. पुढे तिचे लग्न होऊन ती मला घेऊन सापगावात गेली, तरी ही सवय सुटली नाही. लग्नाची पत्रिका लॅमिनेट केली. विजेचे बिलसुद्धा केले. आई गोजाबाई म्हणायची, “एक दिवस ही मलापण करून आणील.”

सापगावच्या शाळेत संघरत्ना दुपारची खिचडी रांधते आणि संध्याकाळी पोरींना कबड्डी शिकवते. धम्मपालची मुलगी पल्लवी शाळेसाठी आत्याकडेच राहते आणि चढाई करते. गेल्या वर्षी या सात पोरी मुरबाडला जिल्ह्याच्या निवडीला गेल्या. तिथे माती नव्हती, मॅट होती. मॅटवर बूट लागतात. सातजणींत बूट दोघींकडेच. न खेळताच त्यांना परत पाठवले.  या गटातून खेळायला पल्लवीच्या वयाला आता शेवटचेच वर्ष उरले होते.

आणि नेमका तेव्हाच धम्मपालला मोबाइलवर माझा भाव दिसला. तो आता भिवंडीकडच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. माझ्यासारखेच एक सदतीस नंबर कुणीतरी मोठ्या किमतीला विकले होते. तो धावत सापगावला आला.

“अक्के, तुज्या त्या कार्डात पाच जोड बूट हायेत. वर मॅटचापण तुकडा येल.”

संघरत्नाने मला हातात घेतले. “इक,” ती म्हणाली. “तीस वर्सं हिनं रेषा गाठली नाय. पोरींना तरी गाठू दे.”

मित्रांनो, विकले जाणे सोपे असते असे तुम्हाला वाटत असेल, तर ऐका. धम्मपालने माझा फोटो टाकला. पहिला विचारी, “आहे का?” हा म्हणे, “आहे.” पुढे शांतता. असे अकराजण. दुसरे काही न विचारता “लास्ट किती?” म्हणणारे त्याहून जास्त. एकाने दोनशे रुपये आणि वापरलेला चार्जर देऊ केला. एकाने मला डुप्लिकेट ठरवले. मला! एकाला माझ्या चारही कोपऱ्यांचे फोटो हवे होते. मग पट्टीशेजारी ठेवून हवे, मग उन्हात, मग सावलीत. प्रत्येक फोटो पल्लवी सापगावात काढायची, आणि शेणव्याला घरात रेंज नाही, म्हणून तो पुढे पाठवायला धम्मपाल पाण्याच्या टाकीवर चढायचा. सगळे फोटो गेल्यावर तो माणूस म्हणाला, “मी नुसते बघत होतो.”

शेवटी एक खरा घेणारा भेटला. म्हणाला, घेतो, पण आधी दर्जा लावून आणा. कार्डांची परीक्षा घेणारी कंपनी असते म्हणे. ती कोपरे, कडा, छपाई सारे भिंगातून पाहते आणि दहापैकी गुण देते. आठ आले तर घेतो. फी आधी, फॉर्म इंग्रजीत, निकाल दोन महिन्यांनी. धम्मपालने फी भरली आणि बहिणीला फोन केला.

“अक्के, कार्ड जीवापाड जप. पाणी लागू देऊ नको, धूळ लागू देऊ नको, कोपऱ्याला धक्का नको. रविवारी येतो न्यायला.”

जीवापाड जपायची एकच रीत संघरत्नाला ठाऊक होती. शनिवारी ती मला घेऊन सुदामकडे गेली.

“साधं करू का जाड?” त्याने विचारले.

“जाड. आणि कडा सोड जरा. बारीक कापू नको.”

दोन गरम रुळांमधून मी सरकले. तव्यावरच्या भाकरीला काय होत असेल ते मला त्या दिवशी कळले. बाहेर आले ती कडक, चकचकीत, आरशासारखी.

रविवारी धम्मपाल आला. संघरत्नाने मला त्याच्यापुढे धरले आणि टिचकी मारून दाखवली. “बघ. आता म्हशीनं पाय दिला तरी काय होनार नाय.”

धम्मपाल उभा होता तो खाली बसला. “काय केलास गो अक्के!”

“का? जप बोललास ना?”

“हात पण लावायचा नवता गो! जसा हाय तसा पायजेल असतो त्यांना!”

“जसा हाय तसा ठेवला व्हता पेटीत,” ती म्हणाली. “काय झाला म्हाइतीय ना?”

 फी भरलेलीच होती म्हणून धम्मपालने मला तसेच पाठवले. सोबत चिठ्ठी लिहिली की प्लास्टिक वरून आहे, आतले कार्ड उत्तम आहे, कृपया आतले तपासावे. नऊ आठवड्यांनी मी परत आले, सोबत इंग्रजी छापील कागद. पल्लवीने तो मराठीत वाचून दाखवला. “बदल केलेली वस्तू. दर्जा देता येत नाही.”

“म्हंजे नापास?” लेकीकडे राहायला आलेल्या गोजाबाईंनी विचारले.

“नापास नाय आजी. नापासालापण नंबर देतात. हिला नंबरच नाय दिला.”

गिऱ्हाइकाने पुन्हा फोन घेतला नाही. संघरत्ना दोन दिवस मैदानावर गेली नाही. “माज्या हातानं गेलं पोरींचं बूट,” एवढेच बोलली. 

मग कुणीतरी मोबाइलवर उपाय सांगितला. वर टॉवेल ठेवून इस्त्री फिरवा, प्लास्टिक सुटेल. धम्मपाल इस्त्री घेऊन आला. मला पाटावर ठेवले. टॉवेल तयार, इस्त्री तापलेली. संघरत्ना भिंतीकडे तोंड करून उभी. “कर तू. मी बघत नाय.”

गोजाबाई पाटाशी बसल्या. साठीनंतर त्या प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकल्या आहेत, आणि समोर अक्षर दिसले की वाचल्याशिवाय राहत नाहीत. त्यांनी मला उलटे केले. बोट ठेवून वाचले, “द-म ध-रा. रे-षा गा-ठा.” मग लेकाकडे पाहिले. “निघंल का रं नीट?”

धम्मपालने मला सुलटे केले. सुदामच्या मशीनने प्लास्टिक माझ्या रंगाला घट्ट चिकटवले होते. त्याने नखाने एक कड उचलून पाहिली, मग चित्रावर वाकून खूप वेळ बघितले. आणि इस्त्रीचे बटण बंद केले.

“नको,” तो म्हणाला. “पोरीचा पाय निघंल.”

संघरत्ना भिंतीकडून वळली. “काय बोल्लास?”

“पाय निघंल बोल्लो. तिचा.”

“पोरगी का?”

“पोरगीच हाय गो बाय,” धम्मपाल म्हणाला. “केस बांधलेत.”

तीस वर्षांनी! संघरत्ना हसली, मग तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली आणि पोरींना म्हणाली, “बूट नाय. तरी जायाचा. गेल्या साली परत पाठवला, आपण गुमान आलो. आवंदा तिथं उभं राहून मागू.”

मलाही नेले. पल्लवीने मला आपल्या फाइलमध्ये जन्माच्या दाखल्यामागे खोचले.

मुरबाडच्या सभागृहात सकाळची पहिली मॅच मुरबाडचाच एक संघ हरला. त्या पोरी कोपऱ्यात बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या. संघरत्ना सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. “बायांनो, पाच जोड पायजेत. मॅच झाली की पुसून देते.”

त्यांची कप्तान मीना. डोळे अजून ओले होते. तिने वर पाहिले. “आमाला हरलेलं बघून बूट मागाय आल्या?”

“जिंकल्या असत्या तर मागता आलं नसतं ना!”

मीनाला हसू फुटले. “घ्या. आमी नाय तर आमचं बूट तरी फायनल बघतील.”

एकीला बूट मोठे झाले, तिने पुढे रुमाल कोंबला. दोन मॅच जिंकल्या. उपांत्य फेरीत तीन गुणांनी हरल्या. मीनाच्या बुटांना फायनल काही दिसली नाही, पण मीना आणि तिच्या पोरी शेवटपर्यंत आमच्या बाजूने ओरडत होत्या. आणि जिल्हा संघाच्या शिबिरासाठी निवडलेल्यांच्या यादीत पल्लवीचे नाव होते.

कागद तपासायला टेबलाशी चंद्रकला मॅडम बसल्या होत्या. त्यांनी पल्लवीची फाइल चाळली. आधार, दाखला, आणि मग मी.

“हे काय गं?”

“आत्याचं सर्टिफिकेट हाय,” पल्लवी म्हणाली. “पयलं वाळवीनं खाल्लं.”

मॅडमनी मला उजेडात धरले. माझे कोपरे त्यांनी पाहिले नाहीत. हवेतला पाय पाहिला, लांब केलेला हात पाहिला. मग मागे उभ्या संघरत्नाकडे पाहिले. “कोणत्या साली खेळलात?”

“नव्याण्णव साली. जिल्ह्याकडनं.”

“आणि या पोरी तुम्ही तयार केल्या?”

“हां.”

मॅडमनी मला पुन्हा फाइलमध्ये ठेवले. दाखल्यामागे नव्हे, सगळ्यांत वर. मग फॉर्म फिरवून पुढे सरकवला. “इथे सही करा. प्रशिक्षक लिहिलंय तिथे.”

संघरत्नाने पदराला हात पुसले आणि सावकाश पूर्ण नाव लिहिले. खाली शिक्का बसला. ती कागदाकडे बघत तिथेच उभी राहिली. मागे रांग लागली होती.

“अजून काही?” मॅडमनी विचारले.

“एक झेरॉक्स द्या मॅडम,” संघरत्ना म्हणाली. “लॅमिनेट करायचा हाय.”

मित्रांनो, आता तो कागद आणि मी एकाच फाइलमध्ये शेजारी राहतो. तुमच्या घरीही कुणीतरी असे काहीतरी जपून ठेवलेले असेल. जपताना त्यांचे चुकलेही असेल. त्यांना हसण्याआधी एकदा विचारा, की याआधी तुमचे काय हरवले होते? आणि जे मिळाले आहे ते वाळवीच्या तोंडी देऊ नका. मला दहापैकी किती मिळाले असते, ते आता कधीच कळणार नाही. त्याची मला खंत नाही. कबड्डी शिकायला आलेल्या नव्या पोरीला संघरत्ना आधी मला दाखवते, माझ्या प्लास्टिकवर टिचकी मारते आणि म्हणते, “ही आमच्या संघातली पयली.”