डोंगरावरचा दहावा

नेदरलंड्समध्ये डोंगर आहे असं सांगणाऱ्या माणसाकडे लोक जरा काळजीनं बघतात. पण एनस्खेडेपासून बसच्या अंतरावर तो आहे, आणि त्याच्या माथ्यावर राहणारी मंडळी त्याला 'बर्ग' म्हणतात, म्हणजे चक्क पर्वत. ठाण्याचा एलियाझ किहीमकर तो पहिल्यांदा सायकलवरून चढला तेव्हा चढ लागलाय की चाकातली हवा गेलीय, हेच त्याला कळेना. येऊरच्या जंगलातली वारुळंसुद्धा ह्यापेक्षा बरी, असं तो मनात म्हणाला. मनातच, कारण बर्गच्या उंचीबद्दल तिथले लोक हळवे होते.

माथ्यावर लाकडी बंगल्यांची एक जुनी सुट्टीवसाहत होती. ती बंद पडली तेव्हा काही यहुदी कुटुंबांनी मिळून घेतली, का तर निदान एका ठिकाणी तरी सगळे सण शेजारी-शेजारी राहून करता यावेत. युद्धाआधी आसपासच्या प्रत्येक गावात लहानसं, भरलेलं सिनेगॉग होतं. आता एकात सायकलींचं दुकान आहे आणि एकात चित्रं विकतात. ती माणसं कुठे गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यावर बर्गवर कुणी विनोद करत नाही. आपणही करू नये. बाकी सगळ्यावर करायला हरकत नाही.

कारण बाकी सगळं म्हणजे कमिट्या. हनुक्काच्या सणाचे डोनट तळायची एक कमिटी होती. तेल कुठलं वापरावं यावरून ती फुटली आणि दोन कमिट्या झाल्या. पुरीमच्या सणात वेषांतर करून धांगडधिंगा घालायचा असतो. त्या धांगडधिंग्याचे नियम छापून दारोदार वाटले जात. सुक्कोथला आठवडाभर उघड्यावर मांडव घालून त्यात जेवायचं, तर त्या मांडवासाठी दरवर्षी नगरपालिकेची परवानगी मागितली जाई, आणि परवानगी येईपर्यंत वाऱ्यानं मांडव आधीच शेजारच्या शेतात नेऊन ठेवलेला असे. ह्या सगळ्या कमिट्यांचा अध्यक्ष एकच, याप पोलाक. दातांचा निवृत्त डॉक्टर. समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडात आणखी काही सापडतंय का, असं तो बघत बसायचा.

पण एक गोष्ट कमिटीनं सुटत नव्हती. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर मुख्य प्रार्थना होत नाहीत, मेलेल्या बापासाठी मुलानं म्हणायचा कादिशही म्हणता येत नाही. बायका बर्गवर पुष्कळ होत्या, त्याच सगळं चालवायच्या, पण बर्गच्या रीतीत त्या मोजल्या जात नसत. आणि पुरुष होते नऊ.

अशा वेळी यापला कळलं की एनस्खेडेच्या विद्यापीठात सेन्सरवर काम करणारा एक भारतीय इंजिनिअर यहुदी आहे. मग काय विचारता! याप स्वतः केक घेऊन घरी आला. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंत, गाडी चालवायची नसते, म्हणून दहाव्या माणसानं चालत येण्याइतकं जवळ राहायला हवं. महिन्याभरात एलियाझ आणि त्याची बायको दिना बर्गवरच्या रिकाम्या बंगल्यात राहायला आली. दिना तेव्हाच म्हणाली होती, "तुला शेजारी म्हणून नेतायत की खुर्ची भरायला, ते एकदा विचारून घे." एलियाझनं विचारलं नाही. त्याला गरजेचं असणं आवडत होतं. खरं सांगायचं तर फारच आवडत होतं.

तेव्हापासून दर शुक्रवारी फोन यायचा. "एली, आम्ही नऊ आहोत." ताप असो, ऑफिसची पार्टी असो, दिनाचा वाढदिवस असो, एलियाझ उठून जायचा. यापच्या बापाच्या वर्षश्राद्धाला तो होता, खजिनदाराच्या भावाच्या कादिशाला होता, बर्गवरच्या प्रत्येक मेलेल्या माणसासाठी त्यानं आमेन म्हटलं होतं.

बदल्यात त्याला काय मिळालं? एकदा त्यानं हौसेनं मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. कोकणातले यहुदी प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावानं करतात तो. नवसाचा, आनंदाचा, घरात काही शुभ घडलं की पहिला. बर्गवर सगळ्यांनी चाखून पाहिला आणि यापची बायको हेनी म्हणाली, "अरे वा, इंडियन म्यूस्ली!" पुढच्या वेळी कुणीतरी त्यावर दही घालून खाल्लं. एलियाझ हसला. काय करणार?

तिकडे एनस्खेडेच्या मराठी मंडळातही फार वेगळी गत नव्हती. दर गणपतीला राजन जोगळेकर स्टेजवरून त्याची ओळख करून द्यायचा, "हे आपले ज्यू मित्र, बघा, किती सुंदर मराठी बोलतात!" आणि टाळ्या पडायच्या. एलियाझचे पूर्वज रायगडात घाण्यावर तेल गाळत होते, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. राजनच्या घराण्यात कुणी कधी घाणा पाहिला नसेल. पण मराठीबद्दल टाळ्या एलियाझला.

ऑगस्टच्या शेवटी ठाण्याहून फोन आला. वडील गेले. एलियाझ गेला, माती दिली, शोकाचे सात दिवस जमिनीवर बसला. निघताना आई म्हणाली, "इथे लोक म्हणतील रे कादिश, पण पोरानं म्हटलेला तो म्हटलेला. अकरा महिने सोडू नकोस. तुझ्या बाबांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, हे एवढंच मागून गेलेत." एलियाझनं तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

नव्याचा सण आणि दारफाळणीचा उपवास, म्हणजे नववर्षाचा रोश हशाना आणि प्रायश्चित्ताचा योम किपूर, गर्दीत पार पडले. त्या दिवसांत बर्गवर अ‍ॅमस्टरडॅमहून, हार्लेमहून वर्षातून दोनदा देव आठवणारे पाहुणे येतात, माणसं मोजावी लागत नाहीत. एलियाझनं पाहुण्यांच्या गर्दीत उभं राहून कादिश म्हटला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. पण सुक्कोथच्या तोंडावर पाहुणे पांगले, आणि बर्गवर पुन्हा नऊ आणि एक उरले.

आणि उरला बारुख. हा नवा धर्मशिक्षक. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याचं नाव बास होतं आणि तो हेंगेलो गावात स्वयंपाकघरं विकायचा. मग त्याला कळलं की आपली आजी यहुदी होती. तो जेरुसलेमला जाऊन आला, येताना दाढी आली, आणि दाढीच्या पाठोपाठ शंका आल्या. गेल्या महिन्यापासून नऊपैकी एक म्हातारा मुलीकडे राहायला गेल्यामुळे बारुखचं नाव नवांत आलं होतं. त्यानं येताच सगळ्यांचं यहुदीपण तपासायला काढलं. इतरांचं पटकन झालं, कारण इतर एकमेकांना ओळखत होते. मग गाडी एलियाझवर आली.

सुक्कोथच्या पहिल्या दिवशी मांडवात जेवताना बारुखनं गोड आवाजात विषय काढला. "एली, तुझ्या लोकांत लग्नात मंगळसूत्र घालतात म्हणे?"

"घालतात."

"आणि देवाच्या नावानं पोहे आणि नारळ?"

"तू खाल्लेस की त्या दिवशी. दोनदा घेतलेस."

"आणि तुझे वडील सिनेगॉगला मशीद म्हणायचे, हे तूच सांगितलंस."

सांगितलं होतं खरं. कौतुकानं सांगितलं होतं. आमच्याकडे जुनी माणसं तसं म्हणतात, कोकणात शेजारपाजारच तसा, म्हणून हसत हसत सांगितलं होतं. ते आता पुराव्यात जमा झालं. बारुख म्हणाला, "कुणावर आरोप नाही. जेरुसलेमच्या धर्मगुरूंना विचारून घेऊ. उत्तर येईपर्यंत तू ये, बस, गा. फक्त तुला मोजता येणार नाही, आणि कादिशही नको. तुझ्याच भल्यासाठी."

एलियाझनं यापकडे बघितलं. याप सूप ढवळत होता. वरून फांद्यांच्या छपरातून पावसाचे थेंब त्या सूपमध्ये पडत होते, पण यापचं लक्ष सूपमध्येच. "ही निव्वळ औपचारिकता आहे, एली," तो म्हणाला. "आम्हा सगळ्यांना तू फार मोलाचा आहेस." एवढं बोलून त्यानं पावाचा तुकडा तोडला. एलियाझला रडू आलं नाही, संताप आला. तो वाट बघत राहिला की उरलेल्यांपैकी एकजण तरी काही बोलेल. खजिनदारानं मीठ मागितलं.

सणाच्या सुट्टीतही राजनला भेटणं टळलं नाही. तो मुद्दाम मुलाला 'पर्वत' दाखवायला सायकलवरून आला होता. बाहेर बाकावर बसून सगळं ऐकल्यावर म्हणाला, "अरे, इतकं टेन्शन काय घेतोस? झूम कॉल लाव ना. ठाण्याचे दहा जॉइन होतील."

"ऑनलाइन चालत नाही."

"मग दुसरीकडे ट्राय कर. अ‍ॅमस्टरडॅमला ऑप्शन्स असतील."

"सणाला गाडी चालवायची नसते राजन. म्हणून तर ह्या टेकाडावर येऊन राहिलोय."

"हां. म्हणजे लॉक-इन. एकदा घेतलं की सुटका नाही," राजन म्हणाला. तो बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. त्यातल्या त्यात त्याला प्रकरण बरोबर समजलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी प्रार्थनेला सगळे मांडवाशेजारच्या हॉलमध्ये जमले आणि तेव्हा यापच्या डोक्यात प्रकाश पडला. आज त्याच्या बापाचं वर्षश्राद्ध. यापचा बाप लहानपणी युद्धात इथल्याच एका शेतकऱ्याच्या माळ्यावर लपून वाचला होता, आणि याप ह्या दिवशी कादिश म्हणायचा चुकत नसे. त्यानं हॉलभर नजर फिरवली. आपण धरून नऊ. दाराशी, मागच्या खुर्चीवर एलियाझ. जो मोजायचा नव्हता.

यापनं ताबडतोब कमिटी बोलावली. कमिटी तिथेच होती, पण तरी ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. सगळे बोलले, प्रत्येकाचं सगळ्यांनी ऐकून घेतलं, कुणाचंच पूर्ण मान्य झालं नाही आणि म्हणून सगळ्यांना समाधान वाटलं. ह्या देशात समुद्रही असाच चर्चा करून मागे हटवलेला आहे. मग याप एलियाझपाशी आला.

"एली, तोडगा निघाला. बारुखचंही मन मोठं आहे. आजच्या अडचणीपुरती तुला मोजायला तो तयार आहे. माझ्या वडिलांसाठी. तुझ्या वडिलांचा कादिश मात्र उत्तर येईपर्यंत म्हणू नकोस. चालेल?"

एलियाझनं आधी ऐकण्यात काही चुकलं का ते तपासलं. "म्हणजे तुझ्या बापासाठी मी दहावा. आणि माझ्या बापासाठी मी कोणीच नाही."

"असं टोकाचं बोलू नये," याप म्हणाला.

पडद्यापलीकडून, जिथे बायका बसतात तिथून, हेनीचा आवाज आला. "इतकी वर्षं मी ह्या लोकांना जेवू घालते एली, मला अजून एकदाही मोजलेलं नाही. तुझ्या लवकर लक्षात आलं."

एलियाझ उठून जाऊ शकला असता. त्याला जायचंही होतं. ह्यांना नवांवर सोडावं, यापचं तोंड बघावं आणि उतार उतरून सरळ एनस्खेडे गाठावं. पण तो गेला असता तर आज त्याच्या बाबांसाठीही कुणी उभं राहिलं नसतं. तो बसून राहिला. यापला ते संमतीसारखं दिसलं. त्यानं एलियाझची पाठ थोपटली आणि प्रार्थना सुरू झाली.

कादिशाची वेळ आली. याप उभा राहिला, घसा साफ केला आणि सुरू झाला. त्याच क्षणी दारापाशी दुसरा आवाज सुरू झाला. एलियाझ उभा होता. तेच शब्द, पण कोकणातल्या चालीवर, जरा हेल काढून, बाबा म्हणायचे तसे. बारुख गर्रकन वळला. याप अडखळला, पण कादिश मधे थांबवता येत नाही, तो पुढे म्हणत राहिला. पहिला थांबा आला. इथे बाकीच्यांनी आमेन म्हणायचं असतं.

कुणी म्हणेना. म्हणायचं तर कुणाला? शब्द एक, थांबा एक. एकाला आमेन म्हटलं की दुसऱ्यालाही ते लागणार. नुसत्या यापला पोचेल आणि एलियाझला पोचणार नाही असं आमेन अजून कुणी शोधलेलं नाही.

"हे आमेन यापसाठी आहे," बारुख सगळ्यांना समजावल्यासारखं म्हणाला.

एलियाझ शांतपणे म्हणाला, "चालेल. पण म्हणणारे दहा आहेत का, ते आधी ठरव. मी यहुदी नसेन तर तुम्ही नऊ आहात. आज यापच्या बापाचा कादिश झालेला नाही. गेल्या वर्षीचाही नाही, त्याच्या आधीचाही नाही. मी ह्या डोंगरावर आल्यापासून तुमच्या एकाही मेलेल्या माणसाला काही पोचलेलं नाही. जेरुसलेमला हेही विचार."

खजिनदाराला भाऊ आठवला असावा, तो खाली बसला. यापचा चेहरा उतरला. तो बोटांवर काहीतरी मोजत होता, बहुधा वर्षं. मग त्याचा रंग परतला, आणि दातांच्या कुठल्याही पेशंटवर तो ओरडला नसेल इतक्या मोठ्यानं तो बारुखवर ओरडला.

"हा माणूस यहुदी आहे! पहिल्या दिवसापासून यहुदी आहे! त्याचा बाप यहुदी, आई यहुदी, आजी यहुदी! मी अध्यक्ष आहे आणि मला माहीत आहे!"

"पण उत्तर..." बारुख म्हणाला.

"खड्ड्यात गेलं उत्तर!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतका झटपट निर्णय बर्गवर पूर्वी झाला नव्हता. एलियाझ यहुदी ठरला तो असा, दुसऱ्यांच्या बापांच्या भल्यासाठी.

याप पुढे आला, दोन्ही हातांनी एलियाझचा हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "एली, आता पहिल्यापासून म्हण. तू म्हण. आम्ही सगळे आहोत."

एलियाझला त्याचा हात झटकावासा वाटला. त्यानं झटकला नाही. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली, एकट्यानं, बाबांच्या चालीवर, आणि थांबा आला तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांनी आमेन म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं याप म्हणाला. बारुखही म्हणाला. कोण कुणासाठी म्हणतंय, ते एलियाझला नीट ऐकू येत होतं. त्यानं तरीही ते घेतलं. कादिशाला दहा माणसं लागतात. ती चांगली असावीत असा काही नियम नाही.